तिसरी रांग

धुळ्यात, पारोळा रोडवर, मे महिना, सकाळचे अकरा.
दोन शोरूम समोरासमोर.
मधे डांबर, डांबरावर पाण्यासारखं काहीतरी हलणारं,
जे जवळ गेलं की नसतं.

भटूनं वही आणलीय. वेदूची, गेल्या वर्षीची,
मागच्या बाजूनं सुरू केलेली.
डावीकडे पांढरी, उजवीकडे राखाडी.
मायलेज. डिकी. एअरबॅग.
सर्व्हिसिंग दोंडाईचात होईल की दर वेळी धुळ्यालाच यायचं.
पांढरी एक लाख चाळीस हजारांनी स्वस्त;
ही ओळ त्यानं दोनदा अधोरेखित केली आहे.

आबा दोन्हींच्या टायरला चपलेनं टोचून बघतात
आणि काही बोलत नाहीत.
सेल्समन पोरगा, दीपेश, गळ्याचं बटणसुद्धा लावलेला,
भटूला टॉर्क सांगतो, मला रंग दाखवतो.
मी विचारते, कन्नडच्या घाटात मागचा माणूस ओकेल का?
तो म्हणतो, मॅडम, सस्पेन्शन एकदम भारी आहे.
म्हणजे ओकेल.

मी मागे चढते.
पांढरीत मधली सीट पाडायची, साडी आवरायची,
मग डोकं आधी की पाय, हे ठरवायचं.
बसले तर गुडघे हनुवटीशी,
एसीची जाळी पुढच्यांच्या डोक्यावरच संपलेली,
आणि मे महिना काचेतून थेट मानेवर.
रस्ता ओलांडून राखाडीत:
इथे मागच्यांच्या वाऱ्याला वेगळं भोक आहे.
पाय लांब होत नाहीत,
पण आहेत हे कळतं.

'मागे काय, पोरंच बसणार,' भटू म्हणतो.
'वर्षातून चार वेळा. चार वेळांचे एक लाख चाळीस?'

मी चार वेळा मोजते.
आखाजीला माझं माहेर, तळोदा.
चैत्रात वणीचा गड.
थंडीत छबूताईच्या मळ्यातलं भरीत,
आणि कुठलं तरी एक लग्न.
चारही वेळा दारात तेच वाक्य उभं:
घरी कोणीतरी थांबायला पाहिजे.
जुनी गाडी पाचांची, आम्ही सहा.
वाक्य कुणी म्हणायचं हेही ठरलेलं.
अकरा वर्षं सासूबाईच म्हणत आल्या,
पदराला हात पुसत,
'माले भायेर करमत नही. तुमी जा.'

परतल्यावर भरताचा डबा त्यांच्यासाठी वेगळा,
गार झालेला, पुऱ्या वातड.
त्या म्हणायच्या, मस्त.
आम्ही सगळ्यांनी ते करमत नाही खरं धरलं होतं.
मी जरा जास्तच,
कारण त्या थांबल्या नसत्या तर मग मी.

सात सीटची गाडी घेतली
तर ते वाक्य ठेवायचं कुठे?
वहीत त्याला रकाना नाही.

दीपेश कागदी कपात चहा आणतो.
रेवाला सनरूफ हवंय, वेदूला त्यातून डोकं काढायचंय.
भटू विम्याचं काहीतरी विचारतोय,
आणि आबा एकदम,
'ही कुठे गेली?'

राखाडीच्या तिसऱ्या रांगेत.
कधी चढल्या, कशा, त्या गुडघ्याचं काय केलं,
कुणीच पाहिलं नाही.
चपला खाली फरशीवर, जोडीनं काढलेल्या.
पिशवी मांडीवर.
खिडकीच्या कडेचं प्लास्टिक
नखानं एका कोपऱ्यातून सोलायला घेतलंय.

दीपेश वाकतो. 'आजी, उतरता का? हात देऊ?'
'आतेच तं बठनू,' त्या म्हणतात.
मग थोड्या वेळानं, समोर बघतच,
'दार लाव ना भाऊ. गरम हवा येस.'

भटू वही उघडतो, खिसे चाचपतो.
पेन माझ्याकडे आहे.