अठ्ठाविसावा दिवस

बोगद्याच्या तोंडाशी, कंटेनरमधल्या ऑफिसात
एतेरीच्या टेबलावर ते लाल पुस्तक.
जगभर हेच म्हणे. घानातल्या पुलाला हेच,
पेरूतल्या धरणाला हेच.
फक्त मागची चार पानं जॉर्जियाची :
नदीचं नाव, रक्कम, दिवसाचा दंड लारीत.

पुस्तकात एकवचनात अनेकवचन येतं,
पुरुषात बाई येते.
डोंगर कशात येतो ते लिहिलेलं नाही.

तीन मार्चला ड्रिलमागून पाणी आलं,
कमरेइतकं.
नोदारचा एक बूट अजून सापडायचाय.
'अनुभवी कंत्राटदाराला ज्याचा अंदाज येणं शक्य नव्हतं'
असं काही निघालं तर अठ्ठावीस दिवसांत कळवावं.
नाही कळवलं, तर पाणी आलंच नव्हतं.

तिनं पत्र लिहिलं. पंप, डिझेल, बावीस दिवसांची मुदतवाढ.
सगळं कसं कलमात चपखल बसलं.

मग खालच्या गावची माक्वाला आली, भट्टीतला पाव घेऊन.
फोटो पाहिला नि म्हणाली,
अगं, हा तर गिरणीचा झरा!
आजोबांच्या वेळी भूकंप झाला, तेव्हा गेला आत.
विचारायचं की.

कुणी विचारायचं?
मालक, अभियंता, कंत्राटदार...
व्याख्यांची यादी सहा पानांची,
तिच्यात माक्वाला नाही.

एतेरीनं पाव मोडला, चहा ओतला,
'शक्य नव्हतं' वर बोट ठेवून बसली.

आज एकतीस. कुरियरची गाडी चारला.
पावणेचार झालेत.
बाहेर पंप चालूच आहे.