कडता

निपाणीच्या वखारीत सव्वीस वर्षं
काट्यावर बसलो मी.
तंबाखूचं बोद चढायचं, दांडी थरथरायची,
ती थांबायच्या आतच माझा आकडा ठरायचा.
समोरचा मान डोलवायचा.
दुसरं करणार काय?

आता ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी
तळहाताएवढा काटा बसलाय.
सुनेनं आणलाय, त्रिशलानं.
काचेचा. पोटात दोन सेल.
ताट ठेवायचं, बटण दाबायचं,
ताटाचं वजन शून्य.
पहिल्या दिवशी बघतच राहिलो.
असं असतंय होय?
भांड्याचं भांड्याला, मालाचं मालाला?
आमच्यात रिकामं पोतं भरायचं किलोभर
आणि कापायचो अडीच.
ओल म्हणून, माती म्हणून,
आणि काहीच नसलं तर रिवाज म्हणून.

टिळकवाडीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
चौऱ्याण्णव भरलात मगदूम,
पंधराशेत दिवस भागवा.
मला वाटलं, रुपये.

तर आता मोजून खायलोय.
भाकरी पातळ, पन्नास ग्रॅम, सव्वाशे.
शेंगाचटणी एक चमचा, सपाट.
वांग्याचं तेल वाटीच्या काठाला निथळत ठेवायचं
आणि तिकडं बघायचं नाही.
कुंद्याचं काय, विचारलं एकदा.
त्रिशलानं फोन धुंडाळला.
फोनला कुंदा ठाऊकच नाही.
पेढा म्हणून लिहू का मामा?
म्हटलं, लिही, पण बेळगावात कुणाला बोलू नकोस.

ती रायबागची. हिशेब कन्नडमधनं करते.
वंदु, एरडु, मूरु, आणि मग हात आडवा:
साकु.
आमच्या मराठीत पुरे म्हटलं
की वाढणाऱ्याला चेव येतो,
पुरेचा अर्थ अजून अर्धी.
साकु म्हणजे मात्र साकु.
दार लावल्यासारखा शब्द.

खोटं कशाला बोलू,
पहिला महिनाभर चोरी केली.
भाकरीचा पापुद्रा काट्याच्या अलीकडंच तोंडात,
उरलेली काट्यावर.
हात जुना, सवय जुनी.
मीच धनी, मीच माल, काटेवालाही मीच,
आणि आकडा खोटा.
सोमवारी वजनावर उभा राहिलो,
दोनशे ग्रॅम वाढलेलो.
यंत्राला मान डोलवता येत नाही.

रात्री झोप लागेना. भूक होतीच,
भुकेच्या मागनं एकेक चेहरे आले.
एका बोदामागं दीड किलो,
दिवसाला साठ बोदं,
हंगाम तीन महिन्यांचा...
पुढं गुणाकार केला नाही.
ते शेठजीच्या तिजोरीत गेलं, असं म्हणत आलो.
दिवाळीला शेठजी पाकीट द्यायचे,
ते मात्र खिशात घातलं.

आता शहाऐंशीवर आलोय.
पट्ट्याला दोन भोकं नवी.

परवा सदलग्याला लग्न होतं.
पंगतीत पोळी वाढायला कोण,
तर अकोळचा रायगोंडा.
मुलीकडचा पाहुणा निघाला.
केस पांढरे, हात तेच,
बोद उचलून काट्यावर टाकणारे.
ओळखलं त्यानं. मीही.
पोळीवर तूप ओतत, हसतच म्हणाला,
घ्या की मगदूम, आज कडता धरू नका.

पंगत हसली. मीही हसलो.
मग ताटावर हात आडवा धरला,
साकु म्हणालो.
तोवर पोळी मनगटावर पडली होती,
गरम, घडी अर्धी मोडलेली,
तूप कोपरापर्यंत ओघळलं.
ती तशीच खाल्ली, हातावरची.
त्याच्याकडं वर बघून
काहीतरी बोलायचं होतं.
तो पुढच्या ताटावर गेला होता.

घरी त्रिशलानं फोन उघडला.
किती लिहू मामा?
म्हटलं, एक पोळी. तूप पळीभर.
बाहीवर सांडलंय ते वजा कर.
किती वजा करू?
मी बाही दिव्याखाली धरली,
डाग नीट बघितला.
जेवढं सांडलंय तेवढंच, म्हटलं.
जादा नको.