कूस

परळीच्या थर्मलमध्ये एकतीस वर्षं
मी लोखंड धरत आलो.
चार जबड्यांचा चक, चौघांचे स्क्रू वेगळे:
एक सैल कर, समोरचा आवळ,
डायलचा काटा थरथरायचा थांबेपर्यंत.
एका शाफ्टमागे अर्धा तास.
कुणी घाई केली की मी विचारायचो,
मध्य काय मोंढ्यात किलोवर मिळतो?

निवृत्तीनंतर लाकडाचा लेथ घेतला.
जिथं स्कूटर उभी असायची त्या पत्र्याखाली मांडला.
काय करणार, सत्यभामानं विचारलं.
वाडगा.
स्टीलचे सतरा आहेत, ती म्हणाली.

चकासाठी जालन्याला गेलो.
बागमारांच्या पोरानं दोन डबे उघडले.
एकात चौघे आपापल्या मर्जीचे, माझ्या ओळखीचे.
दुसऱ्यात चावी एकच; फिरवली की चौघे
एका पावलानं मध्याकडे येतात.
माझा हात पहिल्याकडे गेला.
काका, तो लोखंडाचा.
मला माहीत आहे, मी म्हटलं,
आणि रागारागात दुसरा घेतला.

घरी आणला तर लेथवर चढेना.
एकतीस वर्षांचा फिटर
आटे मोजायचे विसरला होता.
परत जालना. परत तोच पोरगा.
तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

जबडे पुसायला काढले, परत बसवले
तर तीन मध्याला भेटले, चौथा लांब उभा.
कितीतरी वेळ चावी फिरवत बसलो.
मग चष्मा लावला:
जबड्यांच्या पोटावर आकडे, खाचेवर आकडे.
एक, दोन, तीन, चार,
ज्यानं त्यानं आपल्या पाळीनं आत यायचं.

कॉलनीत वादळानं लिंब पडला होता,
त्याचा ठोकळा धरला. धरला म्हणजे
लोखंड धरतात तसा, चावीवर सगळं अंग टाकून.
करकर वाजलं. मला वाटलं, पकड बसली.
तिसऱ्या काताला ठोकळा उडाला,
पत्र्याला पोचा पाडून तुळशीपाशी जाऊन पडला.
सत्यभामा बाहेर आली, तुळस बघितली, मला बघितलं,
आत गेली.

अंबाजोगाईला मोईन खरादी आहेत.
पाळण्याचे खूर, भोवरे, लाटणी; हयात त्यातच गेली.
त्यांनी ठोकळा उलटा केला,
चिरडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"साहेब, ह्याला दुखायलंय की.
लोखंड गप राहतं, लाकूड दबतं.
दबलं की सैल होतं, सैल झालं की पळतं.
आधी कूस काढा. वाडगा मागून.
जबडे जवळजवळ मिटल्यावर जेवढा गोल होतो
तेवढी जाड कूस. त्याच मापाला चौघे पुरे टेकतात,
लई मोठी केली तर नुसते कोपरे चावतात.
कुशीला थोडी तिरपी कड द्या, मुळाशी बारीक,
कबुतराच्या शेपटीवानी.
कुशीचा शेंडा चकाच्या तळाला लागू देऊ नका,
खांदा टेकला पाहिजे. खांद्यावर बसतंय वजन.
आन् आतून फाकवून धरायचं असंल
तर हाताला हळू म्हणा. फाटतंय."

मी वहीत लिहून घेत होतो.
त्यांनी वही मिटवली, माझा हात धरला
आणि चावीवर ठेवला.
दोन बोटांनी. अजून थोडं. बास.
बास कुठं असतं ते मला
एकतीस वर्षांत कुणी हातात दिलं नव्हतं.

निघताना म्हणाले,
"चावी चकात ठेवून बटण दाबू नका.
आमच्या भावाचा दात त्यातच गेला."

पहिला वाडगा झाला. एका बाजूनं जाड,
लिंबाचा कडवटपणा तीन दिवस घशात,
तळाला चार जबड्यांचे अर्धवट चंद्र.
घासून काढायचे होते. राहिले.
सत्यभामानं त्यात एकदा शेंगदाणे घातले,
एक चावला, थुंकला.

आता तो लेथच्या बटणावरच उपडा असतो.
बटण दाबायचं तर आधी तो उचलावा लागतो,
उलटा करावा लागतो,
आत चावी पडल्याचा आवाज आला
की मगच.