नंतर आठवण करा

बेनितो म्हणाला, पात्रांव, हाका आतां पेन्सांव दी.
दोन जीबीची मेमरी, पंखा घरघरणारा,
मागच्या जाळीत पालीच्या अंड्याचं टरफल.
मी म्हटलं, पेन्शन मलाच पुरत नाही,
ह्याला कुठून देऊ?
तू फक्त सांग, फुकटात राखण करणारं काय घालू ह्यात.

चावडीवरून पैंगीणला येईपर्यंत बसमध्ये
पावतीच्या पाठीवरची चार नावं वाचत होतो.
पहिलं चांगलं, पण अंगानं जड,
ते बसलं की दुसऱ्या कुणाला बसायला जागा नाही.
दुसरं हलकं, पण घटकेघटकेला
कोपऱ्यातून डोकं काढून विचारतं, पैसेवालं घेता का?
तिसरं ईमेल मागतं, फोन नंबर मागतं,
आणि तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
घरात काय काय पाहिलं ते कुणाकुणाला कळवणार
तेही सांगून टाकतं.
चौथ्यापुढे बेनितोनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं.

फुकट म्हणजे काय, हे आम्हाला नवं नाही.
वेशीवरचा राखणदार फुकटच राखतो गाव,
पण वर्षाला रोट लागतो, केळ्यांचा घड, विड्यांचं बंडल,
आणि एक बाटली, जिचं नाव सुलक्षा घरात घेऊ देत नाही.
ते तो तोंडावर मागतो, एकदाच,
आणि रात्री काठी आपटत आपल्या वाटेनं जातो.
कुणाच्या चुलीवर काय शिजलं
ते लोलयेच्या लोकांना सांगत नाही.

दुसरं घेतलं.
चोंबड्यापेक्षा भिकारी परवडला.
आधी जुनं काढलं, नऊ वर्षांपूर्वीच मुदत संपलेलं.
एका घरात दोन राखणदार नकोत, बेनितोनं बजावलं होतं,
ते आपसात भांडतील आणि मरेल मशीन.

कुलूप लावावं असं आहे काय त्यात, सुलक्षा विचारते,
बँकेत तर तू अजून पासबुक घेऊन जातोस.
आहेत ना. बावीस जत्रांची नाटकं आहेत.
बावीस वर्षं मी विंगेत उकिडवा,
गुडघ्यावर वही, हातात बॅटरी.
लोक हसतील तिथे कंसात 'थांबणे',
गुरुदास दरवर्षी अडखळायचा तिथे तांबडी रेघ.

रात्री साडेनऊला तपासणी लावली.
सकाळी पदेराचा भोंपू वाजला तेव्हा एक्क्याण्णव टक्के.
चहा गाळताना पाहिलं, तांबडी चौकट.
एक सापडला.
नाव वाचलं आणि खुर्ची ओढून बसलो.

वासूनं दोन हजार चारला घातलेलं
मराठी अक्षरांचं ते सॉफ्टवेअर,
मडगावच्या कुठल्याशा प्रेसमधून
कुलूप फोडून आणलेलं.
वासूला जाऊन सहा वर्षं झाली.
राखणदाराचं काही चुकलेलं नाही,
माल चोरीचाच.
पण ते काढलं की बावीसच्या बावीस जत्रा
चौकोन होऊन बसतात,
महाराजांच्या तोंडी नुसते डॉलर आणि टक्के.

काढून टाका.
परवानगी द्या.
आणि खाली, फिकट: नंतर आठवण करा.

इंटरनेटची वायर उपसून ठेवली आहे.
शनिवारी तेवढी जोडतो,
ह्याला चोरांची नवी यादी मिळावी म्हणून.
रोज चार वाजता कोपऱ्यातून डोकं येतं,
एक धोका शिल्लक आहे. पैसेवालं घेता का?
मी म्हणतो, थांब रे. दुसरा अंक, तिसरा प्रवेश.
जुन्या पानावर बघून नव्या पानावर
एका बोटानं उतरवतोय, नव्या अक्षरांत.
वासूच्या चुका दुरुस्त करतोय जाता जाता.
एक मात्र तशीच ठेवली,
'तलवार उपसा'च्या जागी 'तलावर उपसा'.
त्या रात्री मीही विंगेतून तसंच वाचलं होतं
आणि गुरुदास, न अडखळता,
तसंच गरजला होता.