मुठीचं माप

माझ्या पिशवीत प्लास्टिकचं जेवण असतं.
अळकुडीचा काप, एक मासा, अर्धी पपई
आणि चार भाग आखलेली थाळी.
माशाचं शेपूट कुणाच्या तरी नातवानं चावलंय.

तुआनुकूत, चर्चमागच्या पडवीत, मंगळवारी
नऊ माणसं आली.
सिओसाइआ पुढे बसला. डाव्या पायाला पट्टी,
चप्पल अंगठ्याजवळ कापलेली.
"अर्धी थाळी पालेभाजी," मी म्हणते.
तो म्हणतो, "पोरी, रविवारी थाळी नसते आमच्यात.
चटई असते. तिच्याभोवती आम्ही तेराजण.
तिचे चार भाग करून दाखव."

मला माहीत आहे ती चटई.
शनिवारी खुडलेली अळूची पानं, नारळाचं दूध,
जहाजातून गोठून आलेलं मेंढीचं चरबट मांस,
सगळं पानात बांधून तापल्या दगडांखाली पुरलेलं.
पुडी उकलली की पहिली वाफ देवाची, असं आई म्हणायची.
बोटं मीही चाटली आहेत.

"पानं खा," मी म्हणते, "हवी तेवढी खा.
पानाच्या आत काय बांधता, तेवढंच बघू.
आणि अळकुडी आपल्या मुठीएवढी."
सिओसाइआनं मूठ आवळली.
तीस वर्षं नांगराचे दोर ओढलेली,
लहानशा फणसाएवढी मूठ.
बायका हसल्या. त्यात आमची दोन जेवणं होतील, म्हणाल्या.
तो ती कितीतरी वेळ उंच धरून बसला.

सगळे गेल्यावर थांबला.
हातात चिठ्ठी, साखर चौदा पूर्णांक दोन.
हळूच विचारलं,
"आणि मांसाला? मांसाला कुणाची मूठ?"

पायरीवर त्याची नात होती, लाविनिया.
मुठीत शंखातला खेकडा.
कुणी कितीही म्हटलं तरी उघडत नव्हती.
झाकली मूठ, तिच्यापुरती सव्वा लाखाची.
"हिची," मी म्हणाले.

कोळणीच्या तराजूकडे बघावं
तसा तो त्या मुठीकडे बघत राहिला.
"ऑगस्टात सहाची होईल ही," म्हणाला.
"तोवर हीच."

रविवारी चटईवर काय झालं, मला ठाऊक नाही.
मंगळवारी तो आला, बोट पुढे केलं,
सुई टोचताना दुसरीकडे बघत म्हणाला,
"फसवलं मी तुला.
ती झोपल्यावर मोजली.
झोपेत मूठ सैल पडते."