हरवले-सापडले, मंडई स्थानक

सकाळी सहाला शटर वर जातं
आणि पहिल्यांदा खाली येतो तो वास:
मेथीचा, ओल्या गोणपाटाचा,
कालच्या फ्लॉवरच्या देठांचा.
गाडी नंतर येते.

माझी खिडकी तिकिटांच्या यंत्रांच्या डाव्या हाताला.
एक वही, एक कपाट, किल्ली माझ्या गळ्यात.
छत्र्या येतात, त्या तर येणारच.
एकदा कवळी आली, स्टीलच्या डबीत, स्वच्छ धुतलेली.
एकदा दीड किलो गवार, निवडून ठेवलेली;
तिची मालकीण संध्याकाळी येऊन म्हणाली,
"फ्रिजात नाही का ठेवायची?"

पाण्याचा नळ त्या खांबामागे.
स्वारगेटला जायचं तर हा फलाट, तो नव्हे.
लिफ्टशी पोरांनी खेळायचं नाही.
पिवळ्या खडबडीत पट्टीवर पिशव्या ठेवू नका,
ज्यांना दिसत नाही त्यांची ती वाट आहे.
दिवसभर मी हेच बोलते.
बिल्ल्यावर नाव आहे, रेणुसे.
कुणी वाचत नाही. "अहो मॅडम" म्हणतात.

वडिलांच्या दंडावर पितळी बिल्ला होता,
त्यावर नुसता आकडा, चारशे बारा.
त्यांना "ए" म्हणायचे.

खोदाई चालू होती तेव्हा
रात्री बारानंतर डंपर माती घेऊन निघायचे.
वडील समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून मोजायचे.
"एवढी पाठीवर न्यायची तर
चारशे गडी, पंधरा वर्षं," म्हणायचे,
"आणि चहा वेगळा."

खाली काय निघालं याच्या
पेठेपेठेत निराळ्या गोष्टी.
कुणी म्हणे हंडा,
कुणी म्हणे भुयार, थेट पर्वतीच्या पायथ्यापर्यंत.
भुयाराचं तेवढं खरं ठरलं,
फक्त ते आधी नव्हतं.

गेल्या माघात वडील खाली आले.
सरकता जिना नको म्हणाले.
साध्या जिन्यानं, पायऱ्या मोजत,
वळणावळणाला थांबत,
मान ताठ,
जणू डोक्यावर अजून कुणाचे तरी बटाटे आहेत.
रांगेत उभे राहिले. खिडकीत मुलगी असली तरी रांगेत.

"हरवल्याचं लिहायचंय."
वस्तू?
"दगड."
रंग?
"काळा."
उंची?
त्यांनी तळहात छातीशी आडवा धरला.
"गोणी एकट्याला टेकवता यायची.
कुणाला हाक मारायला नको.
परत घ्यायची तर पाठ फिरवून जरासं वाकायचं, बस."
कुठे हरवला?
त्यांनी छताकडे बोट केलं,
दिव्याच्या थोडं उजवीकडे.
ओळख पटवायची खूण?
"वरून गुळगुळीत.
आरशासारखा नाही. टाचेसारखा."

नाव लिहिलं: धोंडू बाळू रेणुसे.
मागचा पोरगा खांद्यावरून वाचून फिसकन हसला.
वडीलही हसले.
सही करताना पेन त्यांनी
गोणीत आकडी रुतवावी तसा धरला,
कागद जरा फाटला.

गाडीत बसून बघायचं का, विचारलं.
"रिकाम्या हातानं?" म्हणाले,
नळाचं पाणी प्यायले,
आणि मोजत मोजत वर गेले.
उतरताना आणि चढताना
आकडा एकच आला नाही, असं घरी सांगितलं.

नियम असा आहे:
नव्वद दिवसांत मालक आला नाही
तर वस्तूची विल्हेवाट लावावी.
मालक आला
आणि वस्तूच आली नाही,
त्याबद्दल नियमात काही नाही.
साहेबांना विचारलं. ते म्हणाले, खोडून टाका.

काल वही संपली.
शेवटची गाडी गेल्यावर
बोगद्यातला वारा थोडा वेळ फिरत राहतो,
गवारीच्या रिकाम्या पिशव्या हलवत.
तो थांबेपर्यंत मी नवी वही आखली,
समास सोडला,
आणि पहिल्या ओळीवर लिहिलं:

दगड, एक. काळा. छातीएवढा.
मागील पानावरून पुढे.