तीन ओळींचं घर

ग्युमरीत तेव्हा हिवाळा पत्र्यातून आत यायचा.
भूकंपानंतर मिळालेला लोखंडी डबा, त्याला सगळे दोमिक म्हणत,
म्हणजे घरकुल. दोन वर्षांपुरतं, असं कागदावर होतं.
वार्सेनिकबाई त्यात सतरावा हिवाळा काढत होत्या
आणि आम्हा पोरांना बुद्धिबळ शिकवत होत्या.

पटावर एक काळा हत्ती कमी. त्याच्या जागी शिवणाचं अंगुस्तान.
"पडलं की वाजतं," त्या म्हणायच्या, "म्हणून तू ते जपून हलवतेस."

पहिल्या दिवशी त्यांनी काळी प्यादी लावली:
ए-सहा, बी-सहा, डी-सहा, ई-सहा.
एकेक पाऊल. दोन कुणालाच नाही.
उंट मागे, घोडे मागे,
वजीर तर हळूहळू सरकत थेट ए-आठच्या कोपऱ्यात,
आपल्याच उंटाच्या पाठीशी.
मला लाज वाटली.
समोर पांढऱ्याचं अख्खं मैदान,
आणि आपण भिंतीला पाठ लावून, तीन ओळींत.

"ह्याला वोझनी म्हणतात," बाई म्हणाल्या.
"द्राक्षमळ्यात असतं ते जनावर, मुठीएवढं.
कुत्रा आला की काट्यांचा चेंडू होतं.
कुत्रा भुंकतो, नाक पुढे करतो, मागे घेतो,
मग कंटाळतो.
चेंडू कंटाळत नाही."

पाठांतर नव्हतंच काही.
कुठली खेळी आधी, कुठली नंतर, यावरून त्या कधी रागावल्या नाहीत.
दोनच दारं दाखवली, बी-पाच आणि डी-पाच.
यातलं कुठलं उघडणार ते समोरच्याला कळता कामा नये,
आणि खरं म्हणजे तुलाही फार आधी कळू नये.
शेगडीवर जर्दाळूच्या फांद्या तडकत होत्या.
मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

वनाद्झोरला, स्पर्धेत, समोर सेयरान.
अंथरूण न पाहता पाय पसरणारा मुलगा:
एफ-चार, जी-चार, मग जी-पाच.
माझा उंट ई-सातवरून डी-आठ, डी-आठवरून सी-सात,
हत्ती एक घर इकडे, एक घर तिकडे.
लोक हसले. सेयरान घड्याळाकडे बघू लागला.
त्याच्या प्याद्यांमागे रिकामी घरं पडत चालली होती,
मला ती दिसत होती, एकेक,
उघड्या खिडक्यांसारखी,
आणि त्या दिसण्यानेच घात केला.
सत्ताविसाव्या खेळीला मी डी-पाच ढकललं.
एक खेळी लवकर.

परतीच्या बसमध्ये बाईंनी वही मागितली.
बराच वेळ वाचत राहिल्या.
"तो दमला होता," त्या म्हणाल्या.
"पण तू त्याच्याआधी दमलीस."
एवढंच. मग अर्धा जर्दाळू माझ्या हातावर ठेवला.

थांबला तो संपला, असं कुणी म्हणालं
की मला अजून तो डबा आठवतो,
छतातून निघालेलं शेगडीचं नळकांडं,
आणि आखडलेल्या जागेत
सगळं जागच्या जागी ठेवणारी ती बाई.

तेविसाव्या वर्षी घराची चिठ्ठी आली.
शेजारी रडले, कुणी कोन्याक उघडली.
बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला,
आणि मला पट बांधायला सांगितलं.
चौथा मजला. लिफ्ट अजून बसलेली नव्हती.
कठड्याला धरून त्या चढत होत्या, मी मागे,
खिशात अंगुस्तान.
तिसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या.
मला वाटलं, दम लागला.
"नाही गं," म्हणाल्या,
"बघते आहे फक्त."